दहाव्याला न दिलेला शब्द

मी, लिंबाजी ग्यानबा चिंचोळे, वय एकोणसत्तर, धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून (वायंडिंग करून) देणे, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने, कुणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. असं सगळेच लिहितात, पण माझ्याबाबतीत त्याचा सोलापूरच्या मनोविकार डॉक्टरांचा कागदच आहे. पोटातला आजार वेगळा. त्याचे डॉक्टर मोघम बोलत होते. नीट सांगा म्हटल्यावर, उन्हाळा बघाल असं वाटत नाही, म्हणाले. मी त्यांचे आभार मानले, तर ते माझ्याकडे बघत राहिले.

वकिलांनी सांगितलं की मृत्युपत्रात मालमत्तेपुरतंच लिहावं. परंतु कुणाला काय दिलं एवढंच लिहिलं तर का दिलं हे कळणार नाही, आणि माझ्या आयुष्यात सगळा घोटाळा तिथेच झालेला आहे. म्हणून कारणांसह लिहितो. आमच्या गावचा खंडोबा नळदुर्गला मुक्कामाला जातो तेव्हा त्याचासुद्धा दोन्ही गावांत लेखी करार होतो. मग मी जाताना लिहून ठेवलं तर बिघडलं कुठे?

१. राहतं घर, त्याखालची जागा आणि बँकेतली शिल्लक ही माझ्या कमाईची आहे, वडिलार्जित नाही. ती सर्व माझी एकुलती एक मुलगी अर्पिता हिला द्यावी. ती पुण्याला असते. घर तिने ठेवावं, विकावं, पाडावं. तिने हे मृत्युपत्र पूर्ण वाचलं तरच घर मिळेल अशी अट घालता येईल, असं वकील म्हणाले. मी नको म्हटलं. अट घालून माणूस जवळ येत नाही, उलट तुटतो, हे मी एकदा ओढ्याच्या काठी बघितलं आहे. ते पुढे येईल.

२. वायंडिंगचं मशीन, मोटारीत करंट गळतो का ते बघायचा मेगर, उरलेली तांब्याची तार आणि हत्यारांची पेटी नळदुर्गच्या प्रसेनजितला द्यावी. तोही मोटारीच भरतो. त्याचं काम कच्चं आहे असं मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं. तो रागावला नाही. कुठं चुकलं, एवढंच विचारलं त्याने. मला असं विचारणारा दुसरा माणूस भेटला नाही. बाकीचे दुकानातून जाताना म्हणायचे, "लई घमेंड हाय लिंबाजीला." मोटार पाण्याशिवाय चालवली म्हणून जळाली, हे मी गिऱ्हाइकाला सांगायचो. त्यात घमेंड कुठे आली, हे मला अजून समजलेलं नाही.

३. पितळी तांब्या अर्पिताला द्यावा. हा वेगळा लिहिण्याचं कारण असं की तो घरातल्या भांड्यांत मोडत नाही. माझी बायको मुक्ता दुकानाच्या आतल्या दारात बसायची. मी एखाद्याला जास्त बोलू लागलो की ती उठून माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. त्याचा अर्थ, आता थांबा आणि त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारा. मी थांबायचो आणि विचारायचो. माणसं खूश होऊन जायची. मुक्ता होती तोवर मी गावात बरा माणूस होतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने मला त्यावरून कधी हिणवलं नाही. ती गेल्यापासून तांब्या फळीवर आहे. त्यातून पाणी प्यायला मला जमत नाही.

४. माझा धाकटा भाऊ व्यंकट यास मुक्ताच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स द्यावा. सध्या तो मागच्या पत्र्यावर आहे, त्याखाली जुन्या मोटारी कोरड्या राहतात. त्यावर मुक्ताचा फोटो लहान आहे आणि "शोकाकुल" या शब्दाखाली व्यंकटचा मोठा आहे, गॉगलसकट. म्हणजे ती वस्तू मुळात त्याचीच. याव्यतिरिक्त त्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, आणि माझ्या मरणाचा फ्लेक्स कुणीही लावू नये.

व्यंकटबद्दल लिहायला हवं, नाहीतर लोक म्हणतील सख्ख्या भावावर राग काढला. राग आहेच. पण कारण सांगतो.

मुक्ता गेली तेव्हा अर्पिता कॉलेजात होती. दहाव्याला ओढ्याच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले होते, पण खाली उतरत नव्हते. भटजी म्हणाले, इच्छा राहिलेली दिसते, काय ती बोला. सगळ्यांनी मला पुढे ढकललं. माझी चुलती प्रेमाबाई म्हणाली, "लिंबाजी, पोरीला कदी दुखवनार न्हाय, असं म्हन. मुक्ताचा जीव तिच्यातच अडकलाय."

मी म्हणालो, "असं कसं म्हनू? म्या कुनाला दुखवतो तवा मला कळतच न्हाय."

हे खरं होतं. मेलेल्या बायकोला खोटा शब्द कसा देणार? मुक्ता असती तर तिने तांब्या आणून ठेवला असता, पण ती पिंडात होती. अर्पिता माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने ऐकलं ते एवढंच, की बाप आईच्या पिंडासमोर मला न दुखवण्याचा शब्द देत नाही.

मग व्यंकट पुढे आला. त्याने आधी हातांनी लोकांना मागे सारलं, कारण त्याच्या मेव्हण्याला मोबाईलवर चित्रण घ्यायचं होतं. मग गुडघे टेकले आणि मोठ्याने म्हणाला, "वैनी, अर्पिता आजपासनं माजी लेक. तिच्या डोळ्याला पानी येऊ देनार न्हाय." आणि कावळा आला. बायका रडल्या. अर्पिता त्याच्या गळ्यात पडली. मी सांगितलं की गर्दी मागे सरली म्हणून कावळा उतरला. ते खरंच होतं. पण तेव्हा ते बोलायचं नसतं, हे मला फार वर्षांनी सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

पुढे पुण्यात अर्पिताला डेंगी झाला. व्यंकटने तिचा फोटो स्टेटसला ठेवला, "काळजी घे लेकी." पुष्कळ लोकांनी हात जोडले. तो गेला नाही. तिला दवाखान्यातून घरी सोडेपर्यंत मी तिथल्या जिन्यात बसून होतो, कारण वॉर्डात पुरुषांना थांबू देत नव्हते. पण भेटीच्या वेळेत आत गेल्यावर माझं पहिलं वाक्य होतं, "रक्त तपासायला उशीर केलास, चूक तुझी आहे." काकाचं स्टेटस तिने पाहिलं होतं. जिना तिला दिसला नाही. यात तिची चूक मी मानत नाही.

त्यानंतर केव्हातरी तिने मला मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. जो माणूस फक्त स्वतःत असतो, ज्याला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही, कायम आपलंच खरं करतो, त्याला नार्सिसिस्ट म्हणतात, असं त्यात एक बाई सांगत होत्या. मग अर्पिताचा फोन आला. "पप्पा, हे तुम्ही आहात. असे लोक बदलत नाहीत म्हणतात. आता मला फोन करू नका."

मी केला नाही. आजपर्यंत केलेला नाही.

ती शिकलेली आहे, ती म्हणते म्हणजे असणार, असं धरून मी तो व्हिडिओ घेऊन सोलापूरला गेलो आणि डॉक्टरबाईंना म्हणालो की हा रोग माझ्यात आहे, काढता येत असेल तर काढा. त्या हसल्या. त्यांनी मला पुन्हा पुन्हा बोलावलं, लहानपणापासूनचं सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या की तुम्हाला स्वमग्नता आहे, ऑटिझम म्हणतात तो. जन्मापासूनचा. तो रोग नाही, घडणच तशी आहे.

मी विचारलं, "मग माझी मुलगी म्हणते ते?"

त्या म्हणाल्या, "बाहेरून दोन्ही सारखं दिसू शकतं, लिंबाजीराव. दोघांनाही लोक स्वार्थी म्हणतात. पण त्या दुसऱ्या माणसाला समोरच्याचं मन बहुतेक वेळा वाचता येतं, तो ते स्वतःच्या कौतुकासाठी वापरतो. तुम्हाला वाचताच येत नाही, आणि कळलं की तुमचा जीव जळतो. तुम्ही तो शब्द दिला नाहीत, कारण तो पाळता येईल की नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं."

व्यंकट मग दुसऱ्या प्रकारचा का, असंही मी विचारलं. न तपासलेल्या माणसाबद्दल बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. फ्लेक्स ज्याला बघायचा त्याने बघावा.

हे अर्पिताला कळवायचं कसं? फोनला बंदी. डॉक्टर म्हणाल्या, माणसं रागात करू नका म्हणतात आणि आतून वाट बघतात, कधी तसं असतं, कधी नसतं. इथे कोणतं आहे, मी विचारलं. ते तिलाच विचारावं लागेल, त्या म्हणाल्या. विचारायचं तर फोन करावा लागतो. मी एसटीत बसून अणदूरपर्यंत याचाच विचार केला आणि मला काही उलगडलं नाही. शेवटी व्यंकटला म्हणालो, तू सांग तिला. त्याने सांगितलं. काय सांगितलं ते त्यानेच शेजारच्या रामलिंगच्या हॉटेलात हसत हसत चारचौघांना ऐकवलं. "तुजा बाप आता दया याया पायजे म्हनून डॉक्टरचं सर्टिफिकेट घिऊन आलाय, असं म्हनलो." अर्पिताने त्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? कावळा त्याच्या शब्दाला आला होता.

त्या दिवशी माझी आशा संपली. मी उदास आहे असं लोकांना दिसत नाही, कारण माझा चेहरा कायम असाच असतो. पण मी उदास आहे. मोटार भरताना मी रडतो आणि गिऱ्हाईक विचारतं, वार्निशचा वास झोंबतोय का?

५. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणाले. त्यामुळे शेजारी चहाचं हॉटेल चालवणारा रामलिंग आणि मला रोज भाकरी करून देणाऱ्या सिताबाई यांना काहीच देता येत नाही. त्यांचे आभार मानतो. आभार ही मालमत्ता नाही.

६. मी गेल्यावर अर्पिताला रामलिंगने फोन करावा. बंदी मला आहे, त्याला नाही. ये असा आग्रह करू नये. ती आली नाही तर तिला कुणी नावं ठेवू नयेत.

७. माझ्या दहाव्याला लोकांना पिंडापासून दूर उभं करावं, म्हणजे कावळा उतरेल. नाही उतरला तर दर्भाचा कावळा करून शिववावा आणि घरी जावं. पिंडासमोर कुणीही कुणाला शब्द देऊ नये, व्यंकटने तर मुळीच नाही. फक्त रामलिंगने खालचं मोठ्याने वाचावं. अर्पिता तिथे नसली तरी वाचावं, कारण शब्द तिला आहे, कावळ्याला नाही.

"अर्पिता, तुझ्या आईच्या दहाव्याला माझ्याकडे एक शब्द मागितला होता. तेव्हा तो मला पाळता आला नसता, म्हणून दिला नाही. आता देतो. यापुढे मी तुला कधीही दुखवणार नाही."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि बरोबर आहे म्हणून सही केली.

(सही) लिंबाजी ग्यानबा चिंचोळे

लिंबाजी यांनी हे आमच्यासमोर वाचून सही केली. वाचताना ते मध्ये थांबले होते, परंतु शुद्धीत होते.

साक्षीदार:
१. (सही) रामलिंग शंकर घुगे, हॉटेल, रा. अणदूर
२. (डाव्या हाताचा अंगठा) सिताबाई बाबू कांबळे, रा. अणदूर

ठिकाण: अणदूर
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५