फ्रीजरला हात लावण्याआधी वाच

ती. हेस्टरमावशीस,

टर्शियसचा साष्टांग नमस्कार. पत्र वाचून होईपर्यंत तुझ्या मागच्या पडवीतल्या फ्रीजरला हात लावू नकोस. कारण सांगतोच, पण ख्यालीखुशाली न विचारता मुद्द्यावर येणारा माणूस तुला खपत नाही, म्हणून आधी विचारतो, गुडघा कसा आहे? मेंढ्या कातरून झाल्या का? (फोन केला असता, पण तू तो उचलून ‘मला ऐकू येत नाही’ एवढंच सांगतेस आणि ठेवून देतेस.) पत्र लोकरीच्या लॉरीवरच्या फ्रिकीबरोबर पाठवतो आहे. तू शेवटची ओळ वाचल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं त्याला बजावलं आहे.

इकडे घर विकायला काढलं आहे. त्याला विजेचा दाखला लागतो, म्हणून सोमवारी प्लाइकीजबाई तपासणीला आल्या. आता तुला ठाऊकच आहे, आमचा अर्थ लीकेजचा खटका दोन वर्षांपूर्वी रोज पडायचा आणि फ्रीजरमधली अर्धी मेंढी वितळून जायची. तेव्हा मी फ्रीजरची जोडणी खटक्याला वगळून केली आणि वर त्याची अर्थिंगची तारही सोडवून टाकली. (इस्टरला तुझ्याकडे सगळ्यांपुढे छाती फुगवून सांगितलं होतं.) खटका गप्प, मटण गार. तुझी सून एल्सबेथ मात्र तेव्हापासून म्हणायची, फ्रीजर चिमटे काढतो. मी म्हणायचो, तुझे मोजे लोकरीचे आहेत. शेवटी फ्रीजरशेजारी गमबूट ठेवले. मटण काढायचं तर बूट घालायचे, त्यात काय एवढं? पाद्रीसाहेब जेवायला आले, तेही आइस्क्रीमसाठी बूट घालूनच गेले. कुत्रा तिकडे फिरकत नसे. आम्ही त्याला लाजाळू समजत होतो. (मावशी, हात लावला नाहीस ना?)

बाईंनी खटक्यावरचं टेस्टचं बटण दाबलं. सगळं घर बंद पडलं, फ्रीजर आपला घुरघुरतोय. हा कसा जिवंत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माझी युक्ती सांगितली आणि कौतुकाने बूटही दाखवले. “काका,” बाई म्हणाल्या, “जेवढी वीज जाते तेवढी परत यायला हवी. कमी आली की उरलेली कुणाच्या तरी अंगातून जातेय असं समजून हा खटका पडतो. तो बिचारा बोंबलत होता, आणि तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबलात. काकू जगल्या त्या बुटांमुळे.” एल्सबेथने बूट दिवाणखान्यात कपाटात मांडून ठेवले आहेत आणि माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
टर्शियस

ता. क. इस्टरच्या दुपारी तू झोपली होतीस, तेव्हा तुझाही खटका दोनदा पडला. तुला न सांगता तुझ्या फ्रीजरचंही मी तेच करून ठेवलं. खटका सुधारला म्हणून तू देवाचे आभार मानलेस. तो मी होतो. तुझी पडवी ओली आणि तू अनवाणी. आत्ताच्या आत्ता फ्रिकीला मेन स्विच पाडायला सांग.

ता. क. २. प्लाइकीजबाई गुरुवारी येतील. मी येत नाही, मला स्क्रूड्रायव्हरला शिवायची बंदी आहे.

ता. क. ३. मटण नासेल म्हणशील. नासू दे, दुसरं आणू. आई गेल्यावर मला तू एकटीच उरली आहेस, आणि सोमवारपासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. लॉरी परतेपर्यंत मी फाटकात उभा राहणार आहे. फ्रिकीजवळ तुझ्या हातची एक ओळ दे. शिवी असली तरी चालेल.