व्हय आणि न्हाय

वैजयंतीताई,

विद्यार्थी अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा तू बजावलंस, "विद्यापीठाच्या मीटिंगमध्ये शुद्ध बोल." पण मुलींची अभ्यासिका संध्याकाळी सहालाच बंद करणार, हे ऐकून माझ्या तोंडून "व्हय?" निघालं. आपल्या मैंदर्गीत तो नवलाचा प्रश्न असतो की! कुलसचिवांनी इतिवृत्तात लिहिलं: विद्यार्थी अध्यक्षांची संमती. महिनाभर मुली माझ्याशी बोलल्या नाहीत. तुला कळवायची हिंमत झाली नाही.

आज इतिवृत्त मंजुरीला आलं. मी उठले, म्हटलं, "न्हाय! मी विचारलं होतं, होकार दिला नव्हता." संमतीच नाही म्हटल्यावर कुलगुरूंनी ठराव मागे घेतला. लई हलकं वाटतंय.

लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "शुद्ध करून लिहू?"

म्हटलं, "नको बाई. न्हायच लिहा."

भर मीटिंगमध्ये परत अशुद्धच बोलले, हे वाचून तू रागावशील; म्हणून हे पत्र तुला पाठवत नाही.

तुझी अशुद्ध,
सृष्टी