समोरच्या खोलीबाबत

मी, हिरा सीताराम ओव्हाळ, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहिते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन मात्र शांत नाही. त्याला कायद्याची हरकत नसते, असे वकीलबाई म्हणाल्या.

कारण सांगते. उन्हाळ्यात अप्पा बळवंत चौकातून रशियन क्रांतीवरची एक जाडजूड कादंबरी आणली. तिच्यात एका विधवेच्या मोठ्या घरी समिती येते आणि एकेक खोली एकेका कुटुंबाला देऊन टाकते. बाई स्वयंपाकघरात झोपू लागते. वाचून मी रडले. मग स्वतःचाच राग आला. माझे वडील बाबुराव जन्मभर दुसऱ्यांच्या जागेत राहिले. मालक म्हणेल तेव्हा आम्ही भांडी बांधून निघायचो. ते त्या कादंबरीतल्या गावात असते, तर दार ठोठावणाऱ्यांत असते. आणि मी दाराच्या आत बसून रडत होते! पुस्तक मिटले, उघडले, पुन्हा मिटले. घरभर फेऱ्या घातल्या. माझ्याही दोन खोल्या रिकाम्या होत्या.

त्याच आठवड्यात मैत्री गजभिये, चंद्रपूरची नर्सिंगची विद्यार्थिनी, सोसायटीत खोली विचारत आली. शनिवार पेठेत तिचे आडनाव ऐकताच खोल्या 'कालच गेल्या' होत्या. आमचे अध्यक्ष तात्याराव तिला म्हणाले, "एकट्या मुलींना आपण जागा देत नाही."

मी जिन्यातूनच म्हणाले, "आपण देऊ नका. मी देते."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यामुळे लाभलेली शांतता मी मिळकतीत धरलेली नाही.

कलम १. सोन्याच्या पाटल्या सून सृष्टीला. घडण जुनी म्हणून तिने त्या लग्नात घातल्या नव्हत्या. मोडून नव्या केल्या तरी चालेल. मला दाखवायला आणू नये म्हणजे झाले.

कलम २. कादंबरी अजून संपलेली नाही. ती बाई स्टेशनवर बसली आहे, गाडीचा पत्ता नाही, आणि मला एका जागी बसवत नाही. मध्येच माझे काही झाले तर पुस्तक मैत्रीला द्यावे. वाचायची सक्ती नाही.

कलम ३. सदनिका व बँकेतील शिल्लक मुलगा धम्मदीप याची. मात्र मैत्रीचे शिक्षण पुरे होईपर्यंत समोरची खोली तिच्याकडे राहील व तोवर सदनिका विकता येणार नाही. मी तिला फुकट राहा म्हटले होते. ती म्हणाली, "मावशी, फुकट राहिले तर कुणीही कधीही ऊठ म्हणेल. भाडं घ्या, पावती द्या." तेव्हा भाडे घ्यावे, पावती द्यावी.

हे धम्मदीपला फोनवर सांगितले.

"आई, कादंबरी वाचून कुणी मृत्युपत्र करतं का?"

"मग काय वाचून करतात?"

"ते घर विकून मी इकडे बंगळुरूला घेणार होतो."

"माहीत आहे मला."

मग तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "बरं. तिचं होईपर्यंत थांबेन. शब्द देतो."

मुलाचा शब्द मला पुरतो. मैत्रीला कागद लागेल. म्हणून हे कलम.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझाच आहे. सही दोन्ही साक्षीदारांसमोर केली.

(सही) हिरा सीताराम ओव्हाळ

साक्षीदार: (सही) प्रियदर्शनी अभय साळवे
(सही) महिपती पोकळे

स्थळ: धायरी, पुणे
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५