मागचा डावा

२१ मे
परीक्षणासाठी नवा सेट आला. पाच स्पीकर, एक वूफर. पुढे तीन, मागे दोन. वेबसाइटला मजकूर लवकर हवा. मागचा डावा फ्रिजवर ठेवला, मागचा उजवा कपाटावर. मधोमध बाबांची खुर्ची.
शाळांना सुट्टी, म्हणून स्कूलबस उभी, म्हणून तिचे ड्रायव्हर, म्हणजे बाबा, घरी. दिवसभर.
"एम. ए. मराठी," खुर्चीतून आवाज. "आणि बंदुका उडवते."

२३ मे
गेम. धुकं, पडकी इमारत. पाऊल कुठून वाजलं ते ओळखलं नाही तर मरण. मी जमिनीवर, स्क्रीनला चिकटून. इथून काहीच धड कळत नाही. ऐकायची खरी जागा खुर्चीचीच. पण तिच्यात दुसरं कुणी बसत नाही. आईसुद्धा नाही, ते गावी गेलेले असले तरी नाही. म्हणून त्यांनाच विचारलं.
"डावीकडचा मागचा बंद आहे. सगळं उजवीकडून येतंय तुझं."
वायर बदलली.
"बंदच. फसवलं तुला." खूश दिसले.
कंपनीला मेल. मा. डा. सदोष, सेट बदलून द्या.

२७ मे
दुसरा सेट. बाबा: "हाही बंद."
पुन्हा मेल लिहायला घेतली. अर्धवट ठेवली. दोन सेट, दोन्हींचा एकच स्पीकर?
खालच्या मजल्यावरच्या भाभी दारात. "दीदी, बम फोड रहे हो क्या?"
आई: "मेरे को मत बोलो. अंदर दो जन हैं, उनको बोलो."

२९ मे
संगीत. डबलबारी भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. बाबांची आवड. एक बुवा डावीकडे, दुसरा उजवीकडे. सवाल इथून, जवाब तिथून.
"दोघांना एकाच बाजूला बसवलंस," बाबा. "भांडणार कसे?"
संध्याकाळी ते काशीगावला बस बघायला गेले. मी खुर्चीत बसले. प्रथमच.
डावा बुवा डावीकडे होता. स्वच्छ. टाळसुद्धा वेगळे ऐकू येत होते.
स्पीकर दोन्ही वेळा चांगला होता.

३० मे
सांगितलं. स्पीकर चालू आहे, तुमचा डावा कान...
"माझ्या खुर्चीत बसलीस?"
एवढंच. जेवले नाहीत. आई माझ्यावर चिडली.
बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतं. इतकी वर्षं. आणि दरवाजाही डावीकडेच. मुलं तिकडूनच चढतात, तिकडूनच उतरतात.

२ जून
सकाळी स्वतःहून: "लाव तुझी ती टिकटिक. बघूच."
डोळे मिटून बसले. स्पीकर तपासायची ही टिकटिक एकेका स्पीकरमधून फिरते. पाचही वेळा बोट बरोबर. आई म्हणाली, "बघ. उगाच बापाला बहिरा ठरवत होतीस."
टिकटिक दर वेळी त्याच क्रमाने फिरते. मी बाहेर असताना त्यांनी ती लावून पाहिली असणार. क्रम उलटा केला. सांगितलं नाही.
बोट जुन्याच वाटेने फिरलं. मा. डा. वाजत होता, ते पुढच्या उजव्याकडे दाखवत होते. आईने पदर तोंडाला लावला.
डोळे उघडल्यावर आमचे चेहरे पाहिले.
"परीक्षा घेतेस? बापाची?"
फ्रिजवरचा स्पीकर खाली पडला. पडला नाही. पाडला.

६ जून
शाळा सुरू होण्याआधीचं बाबांचं मेडिकल झालं. बीपी, डोळे, सही. कानाबद्दल डॉक्टरने विचारलंच नाही, हे त्यांनीच सांगितलं. हसत. कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला.
"फिट."
म्हटलं, कान दाखवा, मशीन मिळतं, तोवर रजा घ्या. बसमालकांना तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन.
"सांग. मशीन लावलेला ड्रायव्हर कोण ठेवतो? मग घर तू चालव. बंदुकीने."
आई: "तुझे डबे उचल आणि कुठे हाटकेशला खोली बघ. आम्ही आमचं बघतो."
हे ती रागात म्हणाली नाही. भाजी निवडत म्हणाली.

८ जून
परीक्षण पाठवलं. मागचे स्पीकर उत्तम, दिशा अचूक कळते, असं लिहिलं. खरं आहे.
घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

१० जून
बसमालकांचा फोन, माझ्यावर. बाबांचा लागत नव्हता.
"वडील बरे आहेत ना? सोमवारपासून त्यांना बेव्हर्ली पार्कचा रूट देतोय. बालवाडीची पोरं आहेत, गाडी थांबायच्या आत उड्या मारतात. सांभाळून नेणारा माणूस पाहिजे."
पाच मिनिटांत परत फोन करते, म्हटलं. ठेवला.
बाबा दारात उभे होते. किती कळलं, ठाऊक नाही. आत गेले.
वही काढून हे लिहिते आहे. पाच मिनिटं होऊन गेली असतील. फोन पुन्हा वाजतोय.
आतून बाबा:
"वाजतोय. ऐकू येतंय मला. उचल."