उपरण्याची गाठ

कल्याण, माघ वद्य तृतीया, दिवेलागण

उद्या ठाण्याच्या कोर्टात शेजाऱ्याच्या विहिरीबद्दल साक्ष द्यायची आहे. दुपारी वकिलाने विचारले, "तात्या, सगळे नीट आठवते ना?" मी तडकलो. म्हणालो, "दात गेले, डोके शाबूत आहे!"

घरी येऊन पाहतो तो उपरण्याच्या टोकाला गाठ. काहीतरी लक्षात राहावे म्हणून मीच मारली असणार. पण काय? काढा घ्यायचा होता? छे. ती विहीर खणणाऱ्यांचे चेहरेसुद्धा आठवतात आणि सकाळची गाठ आठवू नये? जीव थाऱ्यावर नाही.

शेवटी हिला विचारले. हसली असती तर बरे झाले असते. गाठीकडे बघत हळूच म्हणाली, "हल्ली विसरायला होते, हे वकिलांना सांगायचे होते ना तुम्हाला?"