टँकरवीराच्या बापाने दरवर्षी मरावं की नाही

फुलपाडा, विरार (पूर्व)
रविवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या शांतारामचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समज, कारण हल्ली मी प्रत्यक्ष वाकलो की मीरा लगेच विचारते, काय होतंय, छातीत दुखतंय का. तुझे गुडघे आता कसे आहेत? तू पाठवलेली आमसुलं आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठाची पिठी झाली, पण माझ्या वाटीत मिठाचा कण नव्हता (मीरा म्हणते, होता, मी वाद वाढवला नाही). श्रावणात तू हॉस्पिटलात येऊन गेलीस तेव्हा हृदयात बसवलेली स्प्रिंग छान काम करते आहे. डॉक्टर म्हणाले, काका, सगळं पूर्वीसारखं करा. घरात मात्र पूर्वीसारखं काही राहिलेलं नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलायला मला बंदी आहे, भाजीची पिशवी मीरा उचलते आणि मी नुसता खोकलो तरी स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहून पाठवलं की तुझ्याआधी तुझ्या सुना वाचतात, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. विषय गंभीर आहे.

विषय असा, की ज्या सुपरहिरोची जन्मकथा लहानथोरांना पाठ आहे, त्याचा सिनेमा नव्याने काढताना ती कथा पुन्हा पहिल्यापासून दाखवावी की नाही. हसू नकोस. आमच्या सोसायटीत या प्रश्नावरून ए विंग आणि सी विंग एकमेकांकडे न बघता गेटातून जातात. तुला ठाऊक आहेच, सोसायटीच्या वर्धापनदिनाला सत्यनारायण असतो आणि संध्याकाळी गच्चीवर पांढरी चादर लावून मुलांनी मोबाइलवर काढलेला सिनेमा दाखवतात. हिरो आमचा घरचाच, टँकरवीर. एका उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले होते, त्यातून पोरांना हा सुचला. तळहात पुढे केला की त्यातून पाण्याचा फवारा निघतो (फवाऱ्याची नळी बाहीतून येते, ती कधीकधी दिसते, पण आपण समजून घ्यायचं). आता तू विचारशील, हिरो तोच तर दरवर्षी त्याचा जन्म कशाला? त्याचं कारण आमची सांस्कृतिक कमिटी. ती दरवर्षी वेगळ्या विंगकडे जाते आणि नवी कमिटी जुन्या कमिटीचं काहीच मानत नाही. जुन्यांनी आणलेल्या सतरंज्यासुद्धा तिला चालत नाहीत, मग जुन्यांनी घडवलेला हिरो कसा चालेल? त्यामुळे मागचे सगळे सिनेमे झालेच नाहीत असं धरून टँकरवीर पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो. माझ्या कानावर आहे की परदेशातल्या उडत्या हिरोंचंही असंच चालतं. म्हणजे तिकडेही विंगा असणार.

जन्मकथा थोडक्यात सांगतो. पाणी आलेलं नाही, टँकर येतो, झुंबड उडते. हिरोचा बाप पाइप नीट लावायला टँकरच्या शिडीवर चढतो, घसरतो आणि खाली पडतो. मरता मरता तो पाइप मुलाच्या हातात देतो आणि म्हणतो, सगळ्यांचे हंडे भरल्याशिवाय सोडू नकोस. पाइपातलं पाणी मुलाच्या अंगात शिरतं आणि तो टँकरवीर होतो. मुलगा बी विंगमधला आयुष करतो, कारण अंगाने तोच एकटा भरलेला आहे. बाप मी करतो. पहिल्यापासून, सर्व आवृत्त्यांमध्ये. हिरोईन बदलल्या, खलनायकाची दाढी बदलली, पण बापाच्या जागी दुसरा माणूस कोणाला सुचला नाही.

माझे सगळे मृत्यू तू पाहिलेले नाहीस, याची मला खंत आहे. पहिल्या वर्षी मी साधा पडलो आणि मेलो. पुढे बी विंगला वास्तववाद हवा होता, म्हणून मला भर उन्हात रस्त्यावर झोपवलं आणि तोंडावर माश्या बसाव्यात म्हणून गालाला गूळ लावला. माश्या आल्या नाहीत, मुंग्या आल्या. त्यात खरोखरचा टँकर आला. शेजारच्या चाळीतल्या बायका हंडे घेऊन धावल्या आणि शूटिंग चालू आहे हे सांगायला कोणी शुद्धीवर नव्हतं. मी निष्ठेने मेलेलाच पडून राहिलो. धोंडूबाई म्हणून गावठाणातल्या एक आहेत, त्यांनी माझ्या डोक्याशी हंडा ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मेलास तं बाजूला मर रे बाबा, पानी आलंय." मी सरकलो. ते सरकणं सिनेमात तसंच राहिलं आणि लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. त्यानंतर ए विंगच्या संकेतने सगळा सिनेमा इतका काळोखात काढला की मेलं कोण तेच कळेना. वॉचमनच गेला असं समजून चार जण त्याच्या घरी विचारपूस करून आले.

यंदा कमिटी सी विंगकडे आहे आणि दिग्दर्शन उन्नतीकडे. ही मुलगी शाळेत असताना मीराकडे गणिताच्या शिकवणीला यायची, आता कॉलेजात सिनेमा शिकते. (गणित चांगलं होतं गं तिचं.) तिने जाहीर केलं की यंदा जन्मकथा नाही, सिनेमा उघडतो तोच टँकरवीर गच्चीवर उभा. मी म्हटलं, असं कसं? आयुषने मला मध्ये मॉलमध्ये एक तसला सिनेमा दाखवला होता. पडद्यावर आला तोच उडत आला. कोण, कुठला, कोणाचा, काही पत्ता नाही. आपल्याकडे भाडेकरू आला तरी आधी गाव विचारतात आणि याला मी डोळे झाकून जगाचं रक्षण करायला देऊ? उन्नती शांतपणे म्हणाली, काका, तुमचा मृत्यू आता केजीतल्या पोरांना पाठ आहे, ती जिन्यावरून पडून पडून तुमची नक्कल करतात, मग पुन्हा अर्धा सिनेमा तेच कशाला दाखवायचं? नक्कल करतात हे मला माहीत नव्हतं. क्षणभर मी सुखावलो, पण मुद्दा सोडला नाही.

मीटिंगमध्ये मी भाषण केलं. म्हटलं, सत्यनारायणाची कथा तुम्ही लहानपणापासून ऐकताय. साधुवाण्याचं काय होतं हे कोणाला ठाऊक नाही? तरी कोणी भटजींना म्हणतं का, की हे सगळं माहीत आहे, थेट प्रसादावर या? मग उन्नती म्हणाली, "काका, कथा चालू असते तेव्हा तुम्ही खाली पार्किंगमध्ये गप्पा मारत असता." लोक हसले. (मी तिथे गाड्यांवर लक्ष ठेवतो, पण ते असो.) माझ्या मदतीला रुडॉल्फ उभा राहिला. हा मूळचा नंदाखाल गावचा, आमच्याच मजल्यावर राहतो आणि सिनेमात टँकरमाफिया करतो. तो म्हणाला, आम्ही दर नाताळाला गोठा करतो, बाळ येशू दरवर्षी नव्याने जन्मतो, कोणी म्हणत नाही की मागच्या वर्षी जन्मलाय, यंदा मोठा दाखवा. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्याला कोणीतरी सांगितलं की जन्मकथा गेली तर तो सगळा वेळ माफियाला मिळेल. रुडॉल्फ पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला की धर्म वेगळा आणि सिनेमा वेगळा, दोन्हींची गल्लत होऊ नये. हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूने मी आणि दोन आजोबा. त्यातल्या एकांना पंखा बंद करायला सांगायचं होतं.

वर उन्नतीने मला दुसरं काम देऊ केलं आहे. नव्या गोष्टीत हिरोचा बाप मेलेलाच नाही. तो घरात बसलेला असतो, मुलगा दमून आला की त्याला चहा देतो आणि दोन शब्द बोलतो. अक्का, मला सांग, हे काय काम आहे? चहा तर मी घरी रोजच देतो, त्याला कोणी टाळी वाजवत नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं? माझं भांडण सिनेमाच्या शास्त्राचं आहे असं मी सगळ्यांना सांगतो, पण तेवढंच नाही. दरवर्षी मी पडद्यावर पडलो की गच्चीवर एकदम सामसूम होते. मी मीराच्या मागच्या रांगेत मुद्दाम बसतो. ती पदर डोळ्यांना लावते. मी जिवंत तिच्या पाठीशी बसलेलो असतो, तिला ते माहीत असतं, तरी रडते. एरवी आमच्यात बोलणं काय तर गॅस आला का, गोळी घेतली का. वर्षातून एकदा मला दिसतं की मी नसलो तर या बाईला काहीतरी होईल. ते मला हवं आहे. वेडेपणा असेल, पण आहे. बाकी सर्व क्षेम. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद सांग.

तुझा,
शांताराम

ता. क. आता खरं काम. उन्नती आईबापांचं ऐकत नाही, पण मीराबाईंनी सांगितलं तर नाही म्हणणार नाही. मीरा या प्रकरणात पडायलाच तयार नाही. विषय काढला की म्हणते, मला त्यातलं काय कळतं, आणि तुळशीला पाणी घालायला जाते. (तुळस एकच आहे, ती कुजेल.) मीरा फक्त तुझं ऐकते. तेव्हा तू आपणहून फोन कर, आणि सहज बोलता बोलता म्हण की शांतारामचं मरण यंदाही बघायला मिळेल ना, मी मुद्दाम येणार आहे. मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. हे पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. सोमवारी उन्नती जिन्यात भेटली. तिला मी शेवटचं म्हणून विचारलं की निदान अर्धवट तरी मरू दे, फ्लॅशबॅकमध्ये. ती नेहमीसारखी उलट बोलली नाही. खाली बघत म्हणाली, "काका, तो सीन मी गाळलेला नाही. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये होता. मीराबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, खोटं खोटं पण नको आता."

मी तसाच वर आलो. मीरा कढईत काहीतरी परतत होती. मला तिला बरंच काही विचारायचं होतं, पण बोलायला गेलो आणि खोकलो, तर तिचा झारा हातातच राहिला. म्हटलं, ठसका आहे, चालू दे तुझं.

तेव्हा अक्का, फोन करू नकोस. वरची विनंती खोडून टाकणार होतो, पण मग सगळं पान पुन्हा लिहावं लागलं असतं. जन्मकथेबद्दलचं माझं मत तत्त्व म्हणून कायम आहे, ते मी कोणाहीसमोर मांडीन. फक्त यंदा नाही. पूजेला मात्र तू नक्की ये, आणि संध्याकाळी गच्चीवर मीराच्या शेजारी बस. मला कळलंय हे तिला माहीत नाही, तू बोलू नकोस.

उन्नतीला मी कळवलं आहे की चहा देणाऱ्या बापाचं काम मी करतो. तेव्हापासून रोज जेवण झाल्यावर मीरा कागद धरून बसते आणि माझ्याकडून ते दोन शब्द घोटून घेते. तिच्या मते मेलेला माणूस मला बरा साधला होता, पण जिवंत करताना मी फार घाई करतो. काल कागद खाली ठेवून म्हणाली, "सावकाश करा. कुठे जायचंय तुम्हाला?"