रक्त तपासायला निघताना

नेकनूर, १८ एप्रिल २०१६

प्रिय चंद्रभागा,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकशील. सातच्या एसटीनं बीडला रक्त तपासायला निघालेय, थायरॉईडचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशी राहायची गरज नाही, पण केस गळतात म्हणून घेताय त्या गोळ्या दोन दिवस आधी बंद ठेवा, त्यानं रिपोर्ट चुकतो. ठेवल्या बंद. तरी आज चहा तसाच ठेवलाय. बसते, उठते, पिशवीत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आहे का बघते, पुन्हा लिहायला घेते.

आपल्या दूध संस्थेचं काय सांगू? परत तसाच दुष्काळ. निम्मी जनावरं चारा छावणीत, संध्याकाळी दोन कॅन भरायची मारामार. मागच्या आठवड्यात दुधाचं फॅट मोजता मोजता मला खुर्चीतच डुलकी लागली. दूध घालायला आलेली छबुबाई म्हणाली, "ताई, ध्यान कुठं हाय तुमचं?" अंग जड, आवाज घोगरा, आणि एवढ्या उन्हात मी शाल पांघरलेली.

तेव्हा तू आठवलीस. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामावर यायचीस अन् म्हणायचीस, "सत्यभामा, मला लई थंडी वाजती गं." आम्ही पोट धरून हसायचो. मग त्या दिवशी दुधाचा टेम्पो येऊन तसाच रिकामा गेला, तू कॅनशेजारी झोपलेली, आणि अख्ख्या गावाचं दूध नासलं. बायांनी लांबून पाणी वाहून जगवलेल्या म्हशींचं दूध होतं ते. सगळ्या खवळल्या. तू एवढंच म्हणालीस, "मी मुद्दाम न्हाई केलं. मला काय होतंय, मलाच कळंना." सभेनं तुला कामावरून काढलं, आणि तू सिरसाळ्याला भावाकडे निघून गेलीस.

परवा डॉक्टरीणबाई एकेक लक्षण विचारत होत्या. थंडी वाजते का? झोप येते का? विसरायला होतं का? मी हो हो म्हणत होते, आणि डोळ्यांसमोर तू होतीस.

तू आजवर आपल्या अध्यक्ष दगडाबाईंना दोष देत असशील. त्या तर, आधी हिला दवाखान्यात न्या, असं म्हणत होत्या. तुला काढायचा ठराव मी मांडला, चंद्रभागा. त्यात 'कामचुकार' मीच लिहिलं. तुझी जागा मला हवी होती, ती मिळाली. येत्या सभेत हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. माफी मागायला येईन, तू दारात उभं केलंस तर. पण आधी परळीला जा, रक्त तपासून घे. माझ्या रिपोर्टची वाट बघू नकोस. पत्र मिळताच जा.

तसं म्हणायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
सत्यभामा